आफीची सही

शिकायला आफ्रिकेत जायचंय, असं भूमिकाने सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "का गो, लंडन-अमेरिका संपली काय?" पेणच्या एसटी स्टँडवर विचारायचे, हळदीच्या मांडवात विचारायचे. रोह्याच्या बँकेतल्या शिपायानेसुद्धा विचारलं होतं. सुरुवातीला ती प्रत्येकाला समजावून सांगायची. पुढे पुढे नुसतं "व्हय, संपली" म्हणून मोकळी व्हायला लागली.

ती पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. आई सगुणा मिठागरावर कामाला जायची. वडील भूमिका दहावीत असताना गेले. थोरला भाऊ आदेश धाटावच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी हेल्पर होता. आणि भूमिका मुंबईला आफ्रिका अध्ययन या विषयात एम.ए. करत होती. खरं सांगायचं तर या विषयावर तिचं काही आधीपासून प्रेम नव्हतं. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि इथे प्रवेश घेतला तर हॉस्टेल मिळत होतं, एवढंच. पण पहिल्या सत्रात बाईंनी पडद्यावर एक फोटो दाखवला. घानाच्या किनाऱ्यावरचं खाजण, गुडघाभर पाण्यात वाकून मीठ गोळा करणाऱ्या बायका, आणि मागे कुठल्याशा कंपनीचं तारेचं कुंपण. शेजारची मुलगी म्हणाली, "काय सुंदर लाइट आहे ना!" भूमिकाला मात्र त्या बायकांच्या तळपायांच्या भेगा दिसत होत्या. फोटोत पाय पाण्याखाली होते, तरी दिसत होत्या. लघुप्रबंध करायचा तर याच बायकांवर, हे तिने त्या दिवशी ठरवून टाकलं.

त्यासाठी तिथे जाऊन दोन महिने राहायला हवं होतं. राहायची सोय झाली होती, ती आफीमुळे. आफी घानाची, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुंबईत संख्याशास्त्र शिकणारी, हॉस्टेलमध्ये भूमिकाच्या समोरच्या खोलीत राहणारी. तिची मावशी त्याच खाजणाच्या काठी मीठ काढायची. आफीने भूमिकाला तिच्या एवे भाषेतली थोडी वाक्यं शिकवली होती. भूमिकाने तिला भाकरी थापायला शिकवली होती. ती काही तिला जमली नाही.

अडलं होतं ते पैशांवर. विभागाकडून अर्ध्या तिकिटापुरतं मिळणार होतं. बाकीच्यासाठी भूमिकाने जंग जंग पछाडलं. एका योजनेत परदेशी विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत वरचं हवं होतं, आणि घानातलं त्या यादीत बसत नव्हतं. दुसऱ्या योजनेत अख्खी पदवी तिकडे केली तरच पैसे, दोन महिन्यांच्या कामाला छदामही नाही. एका परदेशी संस्थेने अगदी गोड शब्दांत कळवलं, की हा निधी आफ्रिकी देशांच्या नागरिकांसाठी आहे. एका ठिकाणी तर फोनवरच्या बाईने विचारलं, "देश बदलता येईल का तुम्हाला? विषय तोच ठेवून?"

तेव्हा एके दिवशी आदेश शिफ्टवरून आला आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "हर्षदशेठचं प्रतिष्ठान हाय ना रोह्यात, ते देतात शिकायला पैसे. सुपरवायझर बोलला, बहिणीला घेऊन ये म्हणून."

हर्षदशेठ म्हणजे धाटावच्या कंपन्यांना माणसं पुरवणारे कंत्राटदार. आदेशही त्यांच्याच हजेरीवर होता. कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून त्यांनी एक विद्या प्रतिष्ठान काढलं होतं, आणि त्याचे फ्लेक्स नागोठण्यापासून रोह्यापर्यंत खांबाखांबावर लटकत असायचे.

प्रतिष्ठानचं ऑफिस हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आत एसी इतका, की भूमिकाने ओढणी अंगाभोवती घेतली. टेबलापलीकडे शेठ बसले होते. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक, प्रतिष्ठानचे सचिव. त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे.

"घाना," शेठ अर्ज वाचत म्हणाले. "जंगल कितपत आहे तिकडे?"

"मी जाणार तिथे किनारा आहे. खाडी आहे, मिठागरं आहेत. आपल्यासारखीच."

"आपल्यासारखी!" शेठनी गुरुजींकडे पाहिलं. "ऐकलंत?"

गुरुजी खाकरले. "बाळ, शिकायला माणूस वर जातो. इंग्लंड, जर्मनी. तू खाली चाललीस." आणि समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी हात आधी डोक्याच्या वर धरला, मग टेबलाच्या खाली नेला. "तिकडे त्यांनाच काही येत नाही. तुला काय शिकवणार?"

"सर, मी त्या बायकांच्या कामाचा अभ्यास..."

"खातात काय ते लोक?" शेठनी मध्येच विचारलं. "नाही, आपली मुलगी पाठवायची म्हणजे चौकशी नको?" मग त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "पण रंगाचं एक बरं आहे हो गुरुजी. ही तिकडे कुणाला परकी वाटायचीच नाही!"

दोघंही हसले. आणि भूमिकाही हसली.

तिला हसायचं नव्हतं. पण हसू तोंडातून निघून गेलं, पाहुण्याने चहा सांडल्यावर 'असू द्या, असू द्या' निघतं तसं. पुढचा सगळा वेळ ते हसू तिच्या गालांवर वाळलेल्या मिठासारखं चरचरत राहिलं.

बोलता बोलता आफीचा विषय निघाला आणि शेठ खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे तुझी मैत्रीण खरीखुरी आफ्रिकन? इथे, मुंबईत? अगं, मग तिला घेऊन ये की तुझ्या सत्काराला! रोह्याने कधी पाहिलंय?" त्यांनी अर्जावर तिथल्या तिथे 'मंजूर' लिहिलं. लिहून झाल्यावर पेन वर धरून म्हणाले, "तिला आणायचं विसरू नकोस हं."

भूमिकाने हॉस्टेलवर जाऊन आफीला सांगितलं. सांगताना कार्यक्रम 'छोटासा' केला, शेठना 'जरा जुन्या वळणाचे' केलं, आणि जे ऐकलं होतं त्यातलं काहीच सांगितलं नाही.

"नाचायला लागेल का?" आफीने विचारलं.

"छे, छे."

"म्हणजे लागेल," आफी हसली. "बघ, मी शिष्यवृत्तीवर आले आहे. दर वर्षी एकदा आम्हाला कापडं गुंडाळून ढोल वाजवायला बोलावतात. मंत्री येतो, फोटो होतो. मला सवय आहे. तुझं तिकीट निघत असेल तर येते."

'नको येऊस' म्हणायला तेवढा एक क्षण होता. तो भूमिकाने जाऊ दिला.

कार्यक्रम रोह्यातल्या एका मंगल कार्यालयात होता. त्या दिवशी वारा धाटावकडून होता, त्यामुळे दारातल्या गुलाबपाण्यात सडक्या लसणासारखा कंपनीचा वास मिसळला होता. त्याची इथल्या कुणालाच जाणीव नव्हती, फक्त आफीने एकदा नाक चोळलं. ती साधा निळा कुर्ता घालून आली होती. शेठनी तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "तुमचा तो ड्रेस नाही का आणला? रंगीत?"

आत शिरल्यापासून माणसं तिच्याभोवती गोळा होत होती. सेल्फी, सेल्फी, अजून एक सेल्फी. एका बाईने न विचारता तिच्या वेण्या हातात घेतल्या, ओढून पाहिल्या आणि मैत्रिणीला सांगितलं, "खऱ्या हायत गो!" एकजण तिच्या तोंडासमोर भूमिकाला विचारत होता, "चावत नाय ना?" आणि आपल्याच विनोदावर वाकून हसत होता. आफीला मराठी येत नव्हती. पण हसण्याला भाषा लागत नाही, हे भूमिकाला तिच्या चेहऱ्यावरून समजत होतं. आफी नुसती मान हलवत होती. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला माणूस जसा छताकडे पाहतो, तशी ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

मग पडदा सरकला. गाणं सुरू झालं, ढोलांचं आणि अर्थहीन ओरडण्याचं, आणि स्टेजवर प्राथमिक शाळेतली मुलं आली. कमरेला आंब्याच्या डहाळ्या, हातात पुठ्ठ्याचे भाले, आणि तोंडाला, मानेला, हातांना काळं बूट पॉलिश. ओठांभोवती पांढऱ्या रंगाचं जाड कडं. निवेदक ओरडला, "आज आपल्या पाहुण्यांच्या स्वागतासाठी खास, आफ्रिकन नृत्य!" लोक शिट्ट्या वाजवायला लागले. गुरुजींनी आफीकडे वळून इंग्रजीत सांगितलं, "फॉर यू. स्पेशली फॉर यू."

 उठून ते थांबवावं, असं भूमिकाला वाटलं का? वाटलं. पण तिचं नाव पुकारलं गेलं होतं आणि ती पायऱ्या चढत होती. तिच्या हातात दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा चेक दिला गेला. शेठ एका बाजूने, गुरुजी दुसऱ्या बाजूने. "इकडे बघा, ताई, हसा!"

ती चेक धरून उभी असतानाच नाचणाऱ्या मुलांतली एक बारकी मुलगी रडायला लागली. पॉलिश डोळ्यांत गेलं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे फोन चेककडे होते. भूमिकाला वरून दिसलं, की आफी खुर्चीतून उठली, त्या मुलीला कडेच्या बेसिनपाशी घेऊन गेली, आणि वाकून ओल्या रुमालाने तिचं तोंड पुसायला लागली. मुलगी आफीच्या मनगटावर बोट घासून बघत होती, हा रंग निघतो का म्हणून. आफीने तिला बघू दिलं. शेठच्या फोटोग्राफरला तेवढ्यात काहीतरी सुचलं आणि तो कॅमेरा घेऊन बेसिनकडे धावला.

फोटो संपताच एका माणसाने भूमिकाच्या हातातून पुठ्ठ्याचा चेक काढून घेतला. "ताई, हा पुढच्या कार्यक्रमाला लागतो." तिचं नाव वेगळ्या कागदावर लिहून वरून चिकटवलेलं होतं. त्याने तो कागद तिथेच ओरबाडून काढला.

परत येताना रोह्याहून पेणपर्यंत दोघी रेल्वेने आल्या. खिडकीबाहेर पाहत आफी म्हणाली, "त्या मुलीच्या कातडीला पुरळ येईल. तिच्या आईला सांगायला हवं होतं."

"आफी, सॉरी."

"आत्ता नको," आफी म्हणाली. "आधी तिकीट हातात येऊ दे."

तिकीट हातात येणार होतं ते खऱ्या चेकमुळे. त्यासाठी आठवड्याभराने भूमिकाला पुन्हा ऑफिसात बोलावणं आलं. या वेळी गुरुजींनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. घानाहून आलेल्या आफी नावाच्या गरजू विद्यार्थिनीलाही प्रतिष्ठानने शैक्षणिक मदत दिली, त्याबद्दल ती ऋणी आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खाली सहीसाठी जागा.

"पण तिला तुम्ही काहीच दिलं नाही," भूमिका म्हणाली.

"जेवली ना त्या दिवशी?" शेठ म्हणाले. "अगं, कंपनीला दाखवायला लागतं. आंतरराष्ट्रीय काम म्हटलं की वरचे साहेब खूश. तिची एक सही आण, तुझा चेक तयार आहे." मग अगदी प्रेमाने, "आणि आदेशला पर्मनंट करायचं माझ्या डोक्यात आहे. चांगला मुलगा आहे."

भूमिका तो कागद घेऊन घरी आली. आफीला विचारायचं नाही, हे तिने रस्त्यातच ठरवलं होतं. विचारायला लाज वाटत होती. दुपारी सगुणा अंगणात सुकट वाळत घालत होती आणि आदेश शिफ्टला गेला होता. भूमिकाने आफीने दिलेलं एवे व्याकरणाचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावर आफीची सही होती. पहिलं अक्षर मोठं, त्याची शेपटी मागे वळून नावाखाली गेलेली. भूमिकाने लाइट बिलाच्या पाठीवर ती गिरवून पाहिली. पहिल्यांदा वेडीवाकडी आली. दुसऱ्यांदा बरी आली. मग हात सैल सोडून काढली, आणि ती इतकी हुबेहूब उतरली, की भूमिकाने पेन टाकून दिलं.

"काय लिहितंस गो?" सगुणाने बाहेरून विचारलं.

"काय नाय."

तिने बिल चुरगाळून चुलीत टाकलं. मग मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले. धुऊन झाल्यावर पुन्हा धुतले. त्या ऑफिसात बसलेल्या दोन माणसांची तिला किळस यायचीच. आता ती किळस आपल्या बोटांनाही लागलीय, असं तिला वाटत राहिलं. पेन धरलेल्या त्याच बोटांनी संध्याकाळी भात कालवताना तिला घास जाईना.

दुसऱ्या दिवशी तिने तो कागद सहीशिवायच रोह्याला नेऊन परत दिला. शेठ रागावले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले. आठवडा संपायच्या आत कंपनीच्या गेटवर आदेशचा पास चालेनासा झाला. कारण कुणी सांगितलं नाही.

घरात भूमिकाला वाटलं होतं तसं काही झालं नाही. तिची पाठ कुणी थोपटली नाही. सगुणा भांडी आदळत म्हणाली, "एक सही करायची होती तुला. दुसऱ्याची तर दुसऱ्याची! त्या पोरीचा काय जाणार होता? ती काय इथं बघायला येणार होती?"

 हाच हिशेब भूमिकाने स्वतः लाइट बिलाच्या पाठीवर केला होता.

आदेश ओट्यावर बसून सेफ्टी शूज पुसत होता. आता ते कशासाठी पुसतोय, हे त्यालाही माहीत नसावं. पुसता पुसता म्हणाला, "आधी सांगायचा तरी. मी दुसरीकडे बघून ठेवला असता." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि भूमिकाला ते जास्त लागलं. दीड-दोन महिन्यांनी त्याला नागोठण्याजवळ एका गोदामात काम मिळालं. पगार कमी, ओझं जास्त.

गणपती झाले. पेणच्या कारखान्यांमधल्या मूर्ती कधीच्या रवाना झाल्या होत्या आणि रस्त्यांवर शुभेच्छांच्या फ्लेक्सची गर्दी तेवढी उरली होती. भूमिका एसटी स्टँडवर उतरली तर पानवाला ओरडला, "काय गो, आफ्रिकेतून कवा आलीस?"

"गेली कुठे मी?"

"चेष्टा करतेस काय! हा बघ ना."

त्याने बोट दाखवलं तिकडे तिने पाहिलं. स्टँडच्या कंपाउंडवर प्रतिष्ठानचा फ्लेक्स होता. वर शेठ, हात जोडून. खाली डावीकडे चेक धरलेली भूमिका. 'आमची कन्या आफ्रिकेत!' असं लिहिलेलं. तिला आधी ती स्वतः आहे हे कळलंच नाही. फ्लेक्सवाल्याने तिचा चेहरा दुधासारखा गोरा केला होता, गालांवर गुलाबी छटासुद्धा दिली होती. आणि उजवीकडे आफी. बेसिनपाशी वाकलेली, हातात ओला रुमाल. लहान मुलगी कापून टाकली होती. त्यामुळे आफी डोळे पुसत रडतेय असंच वाटत होतं. भूमिकाला जेवढी उजळवली होती, तेवढीच आफीला काळवंडवली होती. डोळ्यांतलं पांढरं आणि दात तेवढे उठून दिसत होते. खाली ओळ होती, 'आफ्रिकेच्या गरजू भगिनीलाही मायेचा आधार.'

 भूमिका समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेली, कटर विकत घेतला, आणि भर दुपारी कंपाउंडलगतच्या बाकड्यावर चढली.

"अगो, पडशील!" रिक्षावाले ओरडले. "कोणी परवानगी दिली? ओ ताई!" कुणी शूटिंग सुरू केलं. कुणी म्हणालं, "तिचाच फोटो हाय, ती काय पण करेल." तिने आफीची बाजू कापायला घेतली. फ्लेक्स जाड होता, कटर मध्येच अडकत होता. अर्धवट कापल्यावर ती बाजू लोंबकळली, आणि उरलेली भूमिकाने दोन्ही हातांनी फाडून काढली. बाकड्यावरून स्वतःच्या गोऱ्या तोंडापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. ते तसंच राहिलं. शेजारच्या भगदाडातून मागचं डेपोचं संडास दिसायला लागलं.

आठ दिवसांत तिथे नवा फ्लेक्स लागला. तसाच.

कापलेला तुकडा गुंडाळून भूमिका हॉस्टेलवर गेली आणि आफीच्या खोलीत तिने तो जमिनीवर पसरला. त्यावरची ओळ भाषांतर करून सांगितली. मुलाखतीत काय काय झालं, सहीसाठी कसला कागद दिला होता, ते सांगितलं. या वेळी काहीच 'छोटंसं' केलं नाही.

आफीने स्वतःच्या त्या काळ्या, रडक्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"ते तुझ्या रंगावरून बोलले तेव्हा तू काय केलंस?"

"हसले."

"आणि तो कागद. माझी सही केलीस?"

"नाही."

"करणार होतीस?"

भूमिकाने मान खाली घातली. "गिरवून पाहिली होती. जमली होती."

आफी उठली. तिने दार उघडून धरलं. "मला सवय आहे म्हणाले होते मी तुला. आवडतं असं म्हणाले नव्हते. जा आता."

त्यानंतर समोरासमोरच्या खोल्यांत राहून दोघी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर आफी बाजूला होऊन वाट द्यायची. भूमिकाने अर्ज करणं सोडलं नाही. दिवसभर ग्रंथालयात बसून ती निधी शोधायची, आणि प्रत्येक अर्जात 'तुम्हीच का?' या प्रश्नाशी आली की तिला स्वतःचीच शिसारी यायची. मिठागरावरची आई, वारलेले वडील, खाडी, सगळं तिथे मांडून ठेवायचं. जितकं दुःख नीट मांडाल तितकी आशा जास्त. चेक पुठ्ठ्याचा नव्हता, एवढाच काय तो फरक.

शेवटी आफ्रिका अभ्यासकांच्या एका संघटनेचा प्रवासनिधी सापडला. रक्कम छोटी होती, दोन महिन्यांऐवजी महिन्याभराला पुरेल अशी. अर्जासोबत तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचं पत्र हवं होतं. भूमिकाने अर्जाची प्रत आफीच्या दाराखालून आत सरकवली आणि परत आली.

संध्याकाळी आफी स्वतःच आली. आत येऊन बसली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. अर्जातली एक ओळ तिने पेनने आडवी खोडली होती. 'एका आफ्रिकन मैत्रिणीच्या जिव्हाळ्यामुळे मला या समाजाची आतून ओळख झाली,' ती ओळ.

"हे खोटं आहे," ती म्हणाली. "बाकीचं ठीक आहे." कागदाच्या कोपऱ्यात तिने एक फोन नंबर लिहिला होता. "मावशीचा. तिला मी सगळं सांगितलंय. फ्लेक्सचंही, सहीचंही. पत्र ती देईल. घरात राहायलाही देईल. फोटो काढू देईल की नाही, ते मला माहीत नाही. ते तिचं ती ठरवेल."

"तू मला माफ केलंस का?"

"मी तुला नंबर दिलाय," आफी म्हणाली आणि गेली.

निधी मंजूर झाला. फेब्रुवारीत भूमिका निघाली. सगुणाने सुकटीचा डबा बांधून दिला. कस्टमवाले काढून घेतील असं सांगूनही ऐकलं नाही. आदेश अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून पनवेलपर्यंत सोडायला आला. दोघं एसटीत बसले होते, गाडी हायवेच्या खड्ड्यांतून हेलकावत चालली होती, तेवढ्यात भूमिकाचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज ओळखीचा.

"अगं, निघालीस म्हणे! कळवायचं नाही का?" हर्षदशेठ मनापासून खूश होते. "झालं गेलं सोडून दे. मी गुरुजींना म्हटलं, मुलगी आपलीच आहे. हे बघ, आपल्या प्रतिष्ठानचा छोटा बॅनर मी कुरियरने पाठवतो. तिथे पोचलीस की त्या चार-पाच बायकांच्या हातात देऊन एक फोटो काढ. लहान पोरं असली तर उत्तमच. जरा उघडीबिघडी."

भूमिकाने फोन कानापासून दूर केला. शेठ बोलतच होते. तिने तो बंद केला, खिडकीची काच मागे सरकवली, बाहेर डोकं काढलं, आणि रस्त्याच्या कडेला थुंकली.

"काय झाला?" आदेशने दचकून विचारलं. "उलटी येते काय? लिंबू देऊ?"

"नाय," ती म्हणाली. तोंड ओढणीने पुसून तिने काच लावून घेतली.